गीताचे निदान : घरगुती ध्वनिमालिका आणि कर्त्याचे नाव

गेल्या काही वर्षांत लोकगीतांच्या प्रसाराचे एक नवे साधन सामान्य कुटुंबाच्या हाती आले आहे. भ्रमणध्वनी, एक साधा मायक्रोफोन आणि घरातील शांत खोली एवढ्या सामग्रीवर गीत मुद्रित करावे, त्याला दोन वाक्यांची प्रस्तावना जोडावी आणि ठरावीक अंतराने ते महाजालावर प्रसिद्ध करावे, अशा ध्वनिमालिका आता अनेक घरांतून निघत आहेत. 'पॉडकास्ट' या नावाने हा प्रकार सर्वपरिचित झाला आहे. आपल्या समाजातील तरुण-तरुणींनीही तो आपलासा केला आहे. आजीच्या तोंडच्या ओव्या, पाळणे, हळदीची गीते, जलशांतील आणि कव्वालीच्या मुकाबल्यांतील भीमगीते व बुद्धगीते, आणि त्यांच्या जोडीला स्वतः रचलेली नवी गीते, असा या मालिकांचा संमिश्र ऐवज असतो. ज्या गीतपरंपरेला आकाशवाणीच्या आणि ग्रामोफोन कंपन्यांच्या दारात फार काळ ताटकळावे लागले, तिला स्वतःच्या घरातून बोलता यावे, ही घटना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु स्वागत म्हणजे समीक्षा नव्हे. या मालिकांचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न अद्याप कोणी गांभीर्याने मांडलेला दिसत नाही. आवाज गोड आहे काय, वाद्यमेळ जमला आहे काय, श्रोते किती लाभले, एवढ्यावरच चर्चा थांबते. आमच्या मते याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे : ऐकणाऱ्याला हे गीत कोणाचे आहे, ते कळते काय? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने या नव्या प्रकाराचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.

'पारंपरिक' या शब्दाची व्याप्ती

आमच्या ऐकण्यात आलेल्या बहुतेक मालिकांत गीतांची विभागणी दोन गटांत केलेली असते : 'पारंपरिक' आणि 'स्वरचित'. ही विभागणी वरवर सोयीची वाटली, तरी आंबेडकरी गीतांच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी आहे. वास्तविक या गीतांचे किमान चार वर्ग पडतात. पहिला वर्ग, ज्यांचा कर्ता खरोखरच अज्ञात आहे आणि जी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आली, अशा ओव्या, पाळणे आणि लग्नगीते यांचा. दुसरा वर्ग, ज्यांचा कर्ता ज्ञात आहे, परंतु जी लोकमुखी इतकी रुळली की गाणाऱ्याला कर्त्याची आठवण उरली नाही, अशा गीतांचा. तिसरा वर्ग, जुन्या चालीवर नवे शब्द बसविलेल्या रचनांचा. आणि चौथा वर्ग, शब्द व चाल दोन्ही नवीन असलेल्या रचनांचा.

खरा घोटाळा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात होतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत इतकी पसरली आहेत की अनेक घरांत ती 'आमच्या आईची गाणी' म्हणूनच ओळखली जातात. ही गोष्ट कवीच्या दृष्टीने भाग्याचीच म्हणावी लागेल. पण आईच्या तोंडून गीत ऐकले म्हणून ते मालिकेत 'पारंपरिक' म्हणून नोंदविले जाते, तेव्हा एका ज्ञात कवीला आपणच अज्ञात करून टाकतो. 'वाटचाल', 'मोहळ' यांसारखे त्यांचे संग्रह छापलेले आहेत. म्हणजे पडताळणी अशक्य नाही. तिची आवश्यकता वाटत नाही, एवढेच.

तिसऱ्या वर्गाची कथाही अशीच आहे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला. आंबेडकरी जलशाने तीच वाट पुढे नेली. देवतास्तवनाच्या गणाची जागा बाबासाहेबांच्या आणि चळवळीच्या गौरवाने घेतली, गौळणीतील शृंगाराची जागा शिक्षण, स्वाभिमान आणि संघटना या विषयांनी घेतली. भीमराव कर्डक यांच्या 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात या कार्याचा परिचय घडतो. अशा रचनांत चाल जुनी आणि शब्द नवे, हेच तर त्यांचे सामर्थ्य होते. श्रोता चालीने ओढला जाई आणि शब्दांनी जागा होई. अशा गीताला नुसते 'पारंपरिक' म्हटले, तर शाहिराने केलेले परिवर्तनच पुसले जाते. आणि नुसते 'स्वरचित' म्हटले, तर ज्या अनाम कंठांनी ती चाल सांभाळली त्यांचे ऋण नाकारले जाते. म्हणून चालीची नोंद निराळी आणि शब्दांची नोंद निराळी, असा शिरस्ता पाडणे अगत्याचे आहे.

राजगृहाची कसोटी

हा निकष आम्ही बाहेरून आणलेला नाही. तो आपल्याच परंपरेत आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात राजगृहाच्या पहिल्या संगीतीचा वृत्तांत आला आहे. 'संगीती' या शब्दाचा अर्थच मुळी एकत्र पठण करणे, एका सुरात म्हणणे असा आहे. तेथे महाकस्सप थेरांनी उपालींना विनयाविषयी आणि आनंदांना धम्माविषयी जे प्रश्न विचारले, ते येथे ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला पाराजिक नियम कोठे घालून दिला गेला? वेसालीत. कोणाच्या संदर्भात? कलंदपुत्र सुदिन्नाच्या. ब्रह्मजाल सुत्त कोठे सांगितले गेले? राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान, अंबलट्ठिकेतील राजविश्रामगृहात. कोणाच्या निमित्ताने? सुप्पिय परिव्राजक आणि ब्रह्मदत्त माणव यांच्या. वचन काय आहे, एवढे विचारून थेर थांबले नाहीत. त्याचे निदान, म्हणजे उगमाचा प्रसंग, आणि त्याच्याशी संबद्ध व्यक्ती या दोन्हींची त्यांनी पृच्छा केली. त्यानंतरच ते वचन संघाने स्वीकारले.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ही परंपरा मौखिक होती. निदान हे कोठे समासात लिहून ठेवलेले नव्हते; ते पठणाचाच एक भाग होते. म्हणूनच आपण अमुक असे ऐकले आणि त्या वेळी भगवान अमुक ठिकाणी विहार करीत होते, या आशयाच्या शब्दांनी सुत्ताचा आरंभ होतो. पाठ करणाऱ्याला वचन आठवले की स्थळही आठवावेच लागे. दोन्ही एकाच श्वासात गुंफलेली होती, म्हणून दोन्ही टिकली.

ध्वनिमालिकेची आजची रीत याच्या नेमकी उलट आहे. गीताची माहिती दिली जाते, पण ती ध्वनीच्या बाहेर, खालच्या लिखित टिपणात. एखाद्याला गीत आवडले की तो ध्वनीचा तेवढा तुकडा उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवितो. टिपण मागे राहते आणि गीत एकटे गावोगाव फिरते. चौथ्या हातात जाईपर्यंत त्याचा कर्ता, गायिका, गाव, सर्व काही गळून पडलेले असते. १९८० च्या दशकात घरोघर पोचलेल्या कॅसेटींच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र ठळक आणि कवीचे नाव बारीक अक्षरांत असे, अशी तक्रार करता येत असे. पण ते नाव निदान कॅसेटीच्या डबीबरोबर राहत असे. आजच्या तुकड्याला डबीच नाही. यावर उपाय एकच : निदान ध्वनीतच असले पाहिजे. गीताच्या आरंभी अथवा अंती, त्याच आवाजात, शब्द कोणाचे, चाल कोणती, गाणारे कोण, कोणाकडून शिकले, कोठे आणि केव्हा मुद्रित केले, एवढे उच्चारण्यास पाव मिनिटाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

नाममुद्रा आणि कापलेले कडवे

आपल्या शाहिरांना हा धोका ठाऊक होता, असे म्हणावेसे वाटते. संतकवींच्या अभंगांप्रमाणे आंबेडकरी गीतांतही अखेरच्या कडव्यात कर्त्याचे नाव गुंफण्याची प्रथा रूढ झाली. वामनदादांच्या अनेक गीतांच्या शेवटी 'वामन' हे नाव येते. ज्या समाजाला छापखाना आणि मालकी हक्काचा कागद दुर्मिळ होता, त्या समाजातील कवीची ही स्वतःची सही होती. गीत कोणीही गावे, कोठेही गावे, सही आपोआप बरोबर जाई.

ध्वनिमालिकांच्या संपादनात ही सहीच प्रथम कापली जाते. भाग लांबू नये, श्रोत्याने कंटाळू नये, म्हणून ध्रुपद आणि दोन कडवी घेतली जातात. प्रसिद्धीसाठी काढलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात तर ध्रुपदच तेवढे उरते. शेवटचे कडवे हे बहुधा गीताचा निष्कर्ष असते. तेथे कवी श्रोत्याला थेट संबोधितो आणि आपल्या नावाने साक्ष देतो. ते वगळल्याने अर्थाची हानी होते आणि कर्तृत्वाचीही. काही ठिकाणी तर आम्ही याहून गंभीर प्रकार ऐकला आहे : कडवे तसेच ठेवून त्यातील मूळ नावाच्या जागी गाणाऱ्याने स्वतःचे नाव बसविलेले. याला लोकपरंपरेतील स्वाभाविक परिवर्तन म्हणता येणार नाही.

कायद्याची बाजूही येथे लक्षात घेतली पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवरील हक्क टिकतो. या हिशेबाने वामनदादांच्या रचनांवरील हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत अस्तित्वात आहे. त्याच कायद्याचे कलम ५७ असे सांगते की, हक्क दुसऱ्याला विकला तरी रचनेचे कर्तृत्व सांगण्याचा कवीचा अधिकार शिल्लक राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-ख नुसार गाणाऱ्या व्यक्तीलाही आपल्या गायनाची ओळख आपल्या नावाने व्हावी असा अधिकार मिळाला आहे. स्वयंपाकघरात बसून नातवासाठी ओवी म्हणणारी आजी ही या अर्थाने केवळ 'माहिती देणारी' नाही. तिची संमती घेणे, तिचे नाव उच्चारणे, आणि तिने नको म्हटले तर मुद्रण मागे घेणे, ही घरच्या माणसांकडूनही पाळली जावी अशी मर्यादा आहे. नात्यातील जवळिकीमुळे ही मर्यादा सर्वांत अधिक वेळा घरातच मोडली जाते.

जात्याचा आवाज

आता मुद्रणाच्या तंत्राविषयी. घरगुती मुद्रणाला स्टुडिओचा दर्जा नाही, म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पंखा बंद केला, भिंतीवर गोधडी टांगली, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर किंचित तिरका धरला, तर साध्या खोलीतही स्वच्छ आवाज मिळतो. दोष साधनांच्या गरिबीतून फारसा येत नाही. तो स्टुडिओचे अनुकरण करण्याच्या हौसेतून येतो.

याची दोन उदाहरणे देतो. भ्रमणध्वनीतील आणि संगणकातील गोंगाट कमी करणाऱ्या योजना एकसारखा चालणारा आवाज निरुपयोगी ठरवून दाबून टाकतात. जात्याची घरघर हा असाच एकसारखा आवाज आहे. ओवीच्या मुद्रणावर ही योजना चालविली की जात्याचा आवाज क्षीण होतो आणि गायिकेचा आवाज हवेत लोंबकळल्यासारखा येतो. वास्तविक त्या घरघरीनेच ओवीला तिचा श्वास दिला आहे. खुंट्याला हात घालून जाते फिरविण्याच्या श्रमातून तिची लय निघाली आहे. दुसरे उदाहरण तयार तालांचे. यंत्रातील ढोलकीचा ठराविक ठेका ओवीच्या खाली सरकविला जातो आणि ओवी त्या चौकटीत कोंबली जाते. जी गायिका एका शब्दावर रेंगाळते, आठवण दाटून आली म्हणून थांबते, तिला ठेक्याच्या मागे धावावे लागते. जलशाच्या किंवा कव्वालीच्या गीताला ठेका हवाच. ओवीला तो लादलेला असतो.

येथेही निदानाचाच प्रश्न आहे. पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्यापासून बहुतेक घरांतील जाते कोपऱ्यात गेले. आज मुद्रित होणारी ओवी पुष्कळदा दळताना म्हटलेली नसते; ती आठवून म्हटलेली असते. यात गैर काही नाही. मात्र ती 'जात्यावरची ओवी' म्हणून सादर करताना जात्याशिवाय गायिली आहे, हे सांगितले पाहिजे. आणि मागाहून दुसरीकडचा जात्याचा आवाज मिसळून देखावा निर्माण करणे तर सर्वथैव टाळले पाहिजे.

शुद्धीकरणाचा मोह

आंबेडकरी ध्वनिमालिकांपुढे आणखी एक पेच आहे, आणि तो इतरांपुढे तितक्या तीव्रतेने नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. परंतु ओवी म्हणणाऱ्या बायांच्या स्मरणात त्याआधीचे भांडार होतेच. एकाच गायिकेच्या तोंडी विठ्ठलाची ओवी, भावाच्या वाटेची ओवी आणि बाबासाहेबांची ओवी अशा तिन्ही येतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील मालिकेने यांतील पहिली प्रसिद्ध करावी काय?

काही संपादक अशा ओव्या गाळतात. काही देवाच्या नावाच्या जागी बुद्धाचे वा भीमाचे नाव घालून त्या 'पारंपरिक बुद्धगीत' म्हणून सादर करतात. आम्हांस दोन्ही मार्ग अमान्य आहेत, पण दुसरा अधिक. गाळण्याने संग्रह अपुरा राहतो. बदलून लपविण्याने तो खोटा होतो. शब्द बदलण्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही. जुन्या चालीत नवा आशय भरणे हाच आंबेडकरी जलशाचा मार्ग होता. पण जलसाकारांनी ते उघडपणे केले. आपण जुने टाकून नवे मांडीत आहोत, हे ते रंगमंचावरून सांगत. म्हणून ज्याने शब्द बदलले त्याने ती आपली रचना म्हणून मांडावी आणि चाल कोठून घेतली ते सांगावे. उलटपक्षी जुनी ओवी दस्तऐवज म्हणून जतन करावयाची असेल, तर ती जशी आहे तशी, कोणाकडून आणि कोणत्या साली मिळाली या नोंदीसह, उपासनेच्या गीतांपासून निराळी ठेवावी. धर्मांतराने या बायांच्या शब्दांत काय बदल घडविला, याचा पुरावाच त्या जुन्या आणि नव्या ओव्यांच्या शेजारी असण्यात आहे. जुनी ओवी नष्ट केली, तर नवीन ओवीने केवढे अंतर कापले ते कोण सांगणार?

एक आदर्श आणि त्याची उणीव

याबाबतीत एका मोठ्या कार्याचा निर्देश करणे न्याय्य ठरेल. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, खेड्यांतील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतील हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइतवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तले. पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने २०१७ पासून हा ठेवा महाजालावर क्रमशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील भीमनगरच्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. प्रत्येक गायिकेचे नाव, गाव, तालुका, वय, व्यवसाय आणि मुद्रणाची तारीख देण्याचा प्रघात तेथे पाळलेला दिसतो. घरगुती मालिका काढणाऱ्याने अभ्यासावा असा हा नमुना आहे.

तथापि एक उणीव दाखविल्यावाचून आम्हांस राहवत नाही. त्यातील नोंदींत 'जात' या रकान्यासमोर 'नवबौद्ध' असा शब्द आढळतो. संग्राहकांचा हेतू सामाजिक संदर्भ कळावा असाच असणार. परंतु ज्या गायिकेच्या ओवीचा सारा रोख जात मागे टाकण्यावर आहे, तिचा धर्म जातीच्या रकान्यात भरला जावा, ही विसंगती आहे. नोंद हवी, पण नोंदीचे रकाने कोण आखतो, हाही प्रश्न आहे. घरगुती मालिकांचे खरे सामर्थ्य येथेच प्रकट होऊ शकते. आपली ओळख कोणत्या शब्दांत सांगावयाची, हे तेथे गाणारी व्यक्ती स्वतः ठरवू शकते.

दोन आक्षेप

आमच्या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, गीत समाजाचे आहे. नावाचा आग्रह हा अहंकार आहे आणि अनात्मवादी धम्मात त्याला स्थान नाही. याचे उत्तर थेरीगाथा देते. खुद्दकनिकायातील या ग्रंथात गाथा थेरींच्या नावांनिशी जतन केल्या आहेत. उखळ, मुसळ आणि वाकड्या स्वभावाचा नवरा यांपासून सुटलेली मुत्ता आपल्याला नावाने माहीत आहे. तिची अनत्ताची जाण त्या नावाने उणी झाली नाही. आणि याच ग्रंथात ज्या थेरीचे नाव माहीत नव्हते, तिची गाथा 'कोणी एक थेरी' अशा स्पष्ट निर्देशासह ठेवली आहे. नाव माहीत असेल तेथे सांगावे, नसेल तेथे नसल्याचे सांगावे. तिसरा मार्ग नाही. समाजाची मालकी आणि व्यक्तीचे कर्तृत्व या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. ज्यांची नावे शतकानुशतके इतरांनी पुसली, त्यांच्या वारसांनी तेच काम समूहाच्या नावाने पुढे चालवावे, यात समता नाही.

दुसरा आक्षेप रसभंगाचा. गीतापूर्वी नावांची यादी ऐकविली तर श्रोता निघून जाईल, असे म्हटले जाते. पण आपला श्रोता जलशाचा श्रोता आहे. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारखे गायक गीतापूर्वी दोन शब्द बोलत, ते श्रोते कान देऊन ऐकत. निदान हे जिवंत माणसाच्या तोंडून, आपुलकीने सांगितले गेले, तर ते गीताचा उंबरठा ठरते.

ज्यांच्या स्मरणात हे भांडार आहे, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. ती असेपर्यंतच गीत कोणाकडून शिकलात, हा प्रश्न विचारता येईल. त्यानंतर केवळ आवाज हाती राहील. म्हणून घरोघरच्या मालिकाकारांना आमची सूचना एवढीच आहे : नवे गीत मुद्रित करण्यापूर्वी आजवर प्रसिद्ध केलेल्या भागांकडे एकदा वळावे, 'पारंपरिक' असा शिक्का मारलेले प्रत्येक गीत छापील संग्रहांशी आणि जुन्या वह्यांशी ताडून पाहावे, आणि ज्याचा कर्ता सापडेल त्याचे नाव त्याच भागात, आपल्या आवाजात, पुन्हा मुद्रित करावे. विहारांच्या ग्रंथालयांनी अशा गीतांची एक नोंदवही ठेवली, तर हे काम एका घरावर पडणार नाही. ज्या गीताचा कर्ता शोधूनही सापडणार नाही, त्याच्या आधी 'कर्ता अज्ञात' हे दोन शब्द ऐकू यावेत.